शाळेच्या बॉण्डवर मत देण्याआधी: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुकीच्या महिनाभर आधी मतपत्रिका पोस्टाने घरी येते. वरच्या बाजूला मोठी पदं आणि ओळखीची नावं असतात. तळाशी, बहुतेकदा मागच्या पानावर, 'मेजर' (Measure, म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) हा शब्द, त्यापुढे एक इंग्रजी अक्षर आणि स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, विचारलेला एक प्रश्न असतो: शाळांच्या इमारतींसाठी आम्ही कर्ज काढू का? आपली कितीतरी माणसं तिथपर्यंत पोचतच नाहीत. दोन मोहिमांत मी दारोदार फिरले आणि फोनवर बसले. तेव्हा मराठी घरांतून जे प्रश्न आले, त्यांची ही उत्तरं. मी 'हो'च्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. पण प्रत्येक बॉण्डला डोळे मिटून हो म्हणा, असं मी म्हणणार नाही.

बॉण्ड म्हणजे नक्की काय? देणगी की कर?

दोन्ही नाही, आणि थोडंसं दोन्ही. डिस्ट्रिक्ट कर्जरोखे विकून एकरकमी पैसा उभा करतं आणि त्यातून वर्गखोल्या, प्रयोगशाळा, छप्परं, स्वच्छतागृहं बांधतं. ते कर्ज पुढची पंचवीस-तीस वर्षं आपल्या घरपट्टीतून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून फिटतं. कर्ज काढायची परवानगी मतदारांनी द्यायची असते, म्हणून हा प्रश्न मतपत्रिकेवर येतो.

महाराष्ट्रातून आलेल्यांना हे नवखं वाटतं. पुण्या-नाशिकच्या घरपट्टीच्या बिलातही शिक्षण कराची ओळ असते, पण त्या ओळीबद्दल कधी कुणी आपलं मत विचारलेलं नसतं. गावात लोकवर्गणीतून खोली बांधतात, तेव्हा ज्याची इच्छा तो देतो. इथे प्रकार तिसराच आहे. सगळे मिळून ठरवतात, आणि ठरलं की सगळेच देतात. नाही म्हणणाराही देतो. म्हणूनच ठरवायच्या वेळी गैरहजर राहणं महागात पडतं.

शाळा सरकारी आहेत, मग पैसा राज्य सरकार का देत नाही?

देतं, पण अर्धा. नव्या बांधकामात साधारण निम्मा वाटा राज्याचा आणि निम्मा डिस्ट्रिक्टचा. जुन्या इमारतींच्या नूतनीकरणात राज्याचा ६० टक्के, स्थानिक ४०. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभरच्या मतदारांनी प्रपोझिशन २ मंजूर केलं (प्रपोझिशन म्हणजेही मतदानाला ठेवलेला प्रस्तावच). ते १० अब्ज डॉलरचं आहे आणि त्यातले साडेआठ अब्ज शालेय शिक्षणासाठी आहेत. पण त्या पैशावर हक्क सांगायचा तर डिस्ट्रिक्टने आधी आपला वाटा दाखवावा लागतो. स्थानिक बॉण्ड पडला की बहुतेक डिस्ट्रिक्टांना राज्याच्या वाट्यावरही पाणी सोडावं लागतं, आणि तो पैसा ज्या गावाने बॉण्ड मंजूर केला तिकडे जातो.

याचं मूळ १९७८ च्या प्रपोझिशन १३ मध्ये आहे. त्या मतदानाने घरपट्टी मालमत्तेच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधली आणि ती किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढेल असं ठरवलं. घर विकलं गेलं की मात्र नव्याने मोजणी. त्या फटक्यात स्थानिक डिस्ट्रिक्टांची बॉण्ड काढायची वाटही बंद झाली. ती १९८६ मध्ये पुन्हा उघडली, पण दोन तृतीयांश मतांच्या अटीवर. दोन तृतीयांश म्हणजे शंभरातल्या चौतीस जणांनी नाही म्हटलं की काम थांबलं.

आता किती मतं लागतात?

५५ टक्के. मार्च २०००मध्ये साध्या बहुमताचा प्रस्ताव पडला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ५५ टक्क्यांचं प्रपोझिशन ३९ मंजूर झालं. सवलत फुकट मिळाली नाही. कामांची यादी आधी जाहीर करावी लागते, दरवर्षी हिशेबाचं आणि कामाचं ऑडिट होतं, नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते, आणि शिक्षकांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या पगारावर यातला एक डॉलरही खर्च करता येत नाही.

माझ्या घराला वर्षाला किती पडेल?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

हा कर घराच्या बाजारभावावर लागत नाही, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) असेसरकडे, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदलेल्या किमतीवर लागतो. ती किंमत तुमच्या घरपट्टीच्या बिलावर छापलेली असते. मतपत्रिकेवरच्या प्रश्नात दर लिहिलेला असतो, दर एक लाख डॉलरमागे इतके डॉलर. पहिली ते बारावी चालवणाऱ्या युनिफाइड डिस्ट्रिक्टसाठी ५५ टक्क्यांच्या बॉण्डमध्ये तो साठ डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. फक्त प्राथमिक किंवा फक्त हायस्कूलचं डिस्ट्रिक्ट असेल तर मर्यादा तीस डॉलर.

समजा तुमची नोंदलेली किंमत आठ लाख आहे आणि दर साठचा आहे. वर्षाला ४८० डॉलर, म्हणजे महिन्याला चाळीस.

दोन गोष्टी मोहिमेच्या पत्रकांत सहसा ठळक छापत नाहीत, त्या इथे सांगते. एक, साठची मर्यादा एका निवडणुकीतल्या बॉण्डपुरती आहे. दहा वर्षांपूर्वीचा बॉण्ड अजून फिटत असेल तर त्याची ओळ बिलावर वेगळी राहते आणि दोन्हींची बेरीज तुम्ही भरता. दोन, शेजारच्याचा आणि तुमचा भार सारखा नसतो. त्यांनी १९९० मध्ये घेतलेलं घर अडीच लाखांना नोंदलेलं असेल, तर त्यांना १५० डॉलर पडतील. तुम्ही गेल्या वर्षी पंधरा लाखांना घेतलं असेल, तर त्याच गल्लीत, तसल्याच घरासाठी ९०० डॉलर. आपली बरीच घरं या दुसऱ्या गटात मोडतात, तेव्हा राग येणं साहजिक आहे. मलाही आला होता. पण ही असमानता प्रपोझिशन १३ ची आहे. बॉण्ड पाडून ती जात नाही, वर्ग मात्र तसेच कोंडलेले राहतात.

आम्ही भाड्याने राहतो. आमचा काय संबंध?

नागरिक आणि नोंदणीकृत मतदार असाल तर मताचा पूर्ण हक्क आहे. घरमालक असणं ही अट नाही. कर घरमालक भरतो आणि कधी ना कधी भाड्यातून वसूल करतो, त्यामुळे 'आमच्या खिशातून काही जात नाही' हेही खरं नाही.

आम्ही एच-वन-बीवर आहोत, घर घेतलंय, घरपट्टी भरतो, मुलं याच शाळेत. मत देता येईल का?

नाही. ग्रीन कार्डवरही नाही. चुकून कुणी नोंदणीचा अर्ज पुढे केला तरी सही करू नका. नागरिक नसताना मत दिल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो, देश सोडावा लागू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीत मत देता येतं, पण तेवढ्यापुरतंच. बॉण्डवर नाही.

या प्रश्नाने मला नेहमी वाईट वाटतं, कारण विचारणारे बहुतेक वेळा सगळ्यात तळमळीचे पालक असतात. ज्यांच्या मुलांनी वर्ग भरलेत त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांच्या घरात कितीदा शाळेत जाणारं कुणीच नाही. पण मत नाही म्हणजे आवाज नाही असं नव्हे. स्कूल बोर्डाच्या सभेत कुणालाही बोलता येतं, तिथे पासपोर्ट विचारत नाहीत. दारोदार फिरता येतं, फोन करता येतात, नागरिक झालेल्या मित्राला मतपत्रिका उलटून मागचं पान बघायची आठवण करता येते. मोहिमेला पैसे द्यायचे असतील तर मात्र आधी खजिनदाराला विचारा. ग्रीन कार्ड नसलेल्यांसाठी निवडणुकीच्या देणग्यांचे नियम कडक आहेत.

गर्दी खरंच इतकी आहे का? की नव्या इमारतींची हौस?

माझ्या मुलीची दुसरी आणि तिसरी पोर्टेबलमध्ये गेली. पोर्टेबल म्हणजे ट्रकवरून आणून मैदानावर ठेवलेली खोली. 'तात्पुरती' म्हणून आलेली ती खोली माझ्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती. स्वच्छतागृह मुख्य इमारतीत, त्यामुळे पावसात जाऊन आलेली मुलं उरलेला तास ओल्या मोज्यांत बसायची. जेवणघर लहान म्हणून जेवणाच्या पाळ्या, आणि हिची पाळी सकाळी साडेदहाला. डबा अर्धा परत यायचा, आणि तीन वाजता गाडीत बसल्या बसल्या भुकेने रडायची. मला कितीतरी दिवस वाटायचं की भाजी आवडत नसेल.

अशा कितीतरी पोर्टेबलांचा उगम एका चांगल्या हेतूतच आहे. १९९६ मध्ये राज्याने पहिली तीन वर्षं आणि बालवर्ग यांत एका वर्गात २०च मुलं ठेवणाऱ्या डिस्ट्रिक्टांना जादा पैसे द्यायला सुरुवात केली. मुलं तितकीच राहिली, वर्ग मात्र एकाएकी जास्त लागले. खोल्या आणायच्या कुठून? ट्रकवरून.

पण गर्दी काय करते हे बघायचं असेल तर लॉस एंजेलिसकडे बघा. मुंबईत सकाळची शाळा आणि दुपारची शाळा आपण पाहिली आहे. लॉस एंजेलिसने वर्षाचीच पाळी केली. मुलांचे तीन गट पाडले, कोणत्याही दिवशी दोन शाळेत आणि एक सुट्टीवर, आणि शाळा बाराही महिने चालू. 'कन्सेप्ट ६' नावाच्या या वेळापत्रकात मुलांना वर्षाला १८० ऐवजी १६३ दिवस शाळा मिळायची. दिवस थोडा लांबवून मिनिटांचा हिशेब जुळवत, पण दिवस सतराने कमीच. बालवर्ग ते बारावी अशी तेरा वर्षं कुणी या वेळापत्रकात काढली, तर २२१ दिवस गेले. एक शैक्षणिक वर्ष आणि वर आणखी काही. शिवाय हजारो मुलांना घराजवळच्या शाळेत जागा नाही म्हणून बसने लांब पाठवत. शहरात जवळजवळ तीन दशकं नवं मोठं हायस्कूल बांधलं गेलं नव्हतं.

नोव्हेंबर १९९६ मध्ये तिथे प्रपोझिशन बीबी मतदानाला आलं. ६५ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं, आणि तरी ते पडलं, कारण तेव्हा दोन तृतीयांश लागत होते. पाच महिन्यांनी, एप्रिल १९९७ मध्ये, ते पुन्हा आणलं तेव्हा सुमारे ७१ टक्के मतांनी मंजूर झालं. २.४ अब्ज डॉलर. पुढे २००२, २००४, २००५ आणि २००८ मध्ये आणखी बॉण्ड मंजूर झाले, आणि १३० हून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या. त्यातली एक, रॉबर्ट केनेडी यांच्या नावाची, ज्या अँबॅसडर हॉटेलात १९६८ साली त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच जागेवर आहे. कन्सेप्ट ६ कायमचं गेलं. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी राज्याविरुद्ध लढलेल्या विल्यम्स खटल्यात २००४ मध्ये जी तडजोड झाली, त्यात हे वेळापत्रक २०१२ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. पण तडजोडीत बंद करायचं ठरलं तरी मुलांना बसवायला खोल्या लागतात. त्या मतदारांनी दिल्या.

आणि त्यानंतर तिथली मुलं कमी झाली. मग त्या इमारती वाया गेल्या नाहीत का?

रास्त प्रश्न आहे, आणि हो म्हणणाऱ्यांनी तो टाळू नये. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टमध्ये साडेसात लाखांच्या आसपास मुलं होती, आज साडेचार लाखांच्याही खाली आहेत. जन्मदर घटला, घरं परवडेनाशी झाली, काही मुलं चार्टर शाळांत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांत) गेली. काही नव्या इमारती आज अर्ध्या भरल्या आहेत.

पण २००१ मध्ये सहावीत असलेल्या मुलाला '२०२० साली गर्दी ओसरेल' हे सांगून काय उपयोग होता? त्याची सहावी एकदाच होती.

यातून घ्यायचा तो सावधपणा असा. तुमच्या डिस्ट्रिक्टचा बॉण्ड जागा वाढवण्यासाठी आहे की दुरुस्तीसाठी, ते आधी बघा. वाढीसाठी असेल तर पुढच्या दहा वर्षांच्या पटसंख्येचा अंदाज मागा. तो अहवाल डिस्ट्रिक्टकडे असतो. अंदाज उतरता असूनही यादीत नवी शाळा असेल तर सभेत उभं राहून कारण विचारा. लॉस एंजेलिसचा २०२४ चा ९ अब्जांचा मेजर यूएस मुख्यतः जुन्या इमारती सुधारण्यासाठी आहे, आणि तिथल्या आजच्या स्थितीत तेच योग्य आहे.

नवं बांधण्याऐवजी शाळांच्या हद्दी बदलल्या तर? शेजारची शाळा रिकामी आहे.

स्वस्त उपाय आहे आणि बॉण्डच्या आधी तोच तपासला पाहिजे. पण खरं बोलायचं तर हद्द बदलायची सूचना आली की सभागृहात सगळ्यात जास्त आरडाओरडा आपण घरमालकच करतो, कारण शाळेचं नाव घराच्या किमतीला चिकटलेलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रिमाँट शहरात हे पुष्कळांनी भोगलंय. जवळची शाळा भरली म्हणून मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवलं जायचं, कधी एकाच घरातली दोन मुलं दोन शाळांत. तिथे जून २०१४ मध्ये ६५ कोटी डॉलरचा मेजर ई मंजूर झाला. त्यातून सातवी-आठवीच्या ज्युनियर हायस्कूलांची सहावी ते आठवी अशी मिडल स्कूलं करण्यात आली, म्हणजे सहावीची मुलं प्राथमिक शाळांतून बाहेर पडली आणि प्राथमिकमध्ये जागा झाली. मला ही योजना आवडते. प्रत्येक शाळेत चार-चार खोल्या वाढवत बसण्यापेक्षा एका इयत्तेची जागा हलवून सगळीकडचा ताण थोडा थोडा उतरवला. २०२४ मध्ये त्याच मतदारांनी आणखी ९१.९ कोटींचा मेजर एम मंजूर केला.

बिल्डरांनी एवढी घरं बांधली, पैसे त्यांच्याकडून घ्या ना!

घेतात. नव्या बांधकामावर चौरस फुटामागे शाळा-शुल्क असतं, पण त्याची कमाल मर्यादा कायद्यानेच ठरवून दिली आहे, आणि ते शाळेच्या पूर्ण खर्चाला पुरत नाही. नव्या वसाहतींत 'मेलो-रूस' नावाचा वेगळा करही असतो, तो त्या वसाहतीतलेच लोक भरतात.

लॉटरीचे पैसे?

शाळांच्या बजेटचा अगदी छोटा भाग. आणि ज्या कायद्याने १९८४ मध्ये लॉटरी आली त्यानेच तो पैसा जमीन घ्यायला किंवा बांधकामाला वापरायला मनाई केली आहे.

एका शाळेला एवढे कोटी कसे लागतात?

मजुरी महाग, जमीन महाग. पण एका कारणाबद्दल मी तक्रार करणार नाही. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीचला भूकंप झाला. शंभरावर माणसं गेली आणि शाळांच्या कितीतरी इमारती कोसळल्या. मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. महिन्याभरात फील्ड अॅक्ट आला. तेव्हापासून कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेचा आराखडा राज्याच्या वास्तुविशारद विभागाकडून तपासून घ्यावा लागतो आणि काम चालू असताना निरीक्षक हजर असतो. यात वेळ आणि पैसा जातो. किल्लारी ज्यांना आठवते, त्यांना तो का घालवायचा हे सांगावं लागू नये.

पैसे खाल्ले तर? कर्ज डोईजड झालं तर?

सगळ्यात बदनाम उदाहरण सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टचं आहे. २०११ मध्ये त्यांनी साडेदहा कोटी डॉलरचं कर्ज अशा पद्धतीने काढलं की पहिली वीस वर्षं काही फेडायचं नाही आणि व्याजावर व्याज चढत जायचं. परतफेड जवळपास एक अब्ज, म्हणजे नऊपटीहून जास्त. तेव्हा शाळेत असलेल्या मुलांनी पन्नाशीकडे झुकेपर्यंत ते फेडत राहायचं. त्यावर गदारोळ झाला आणि २०१३ मध्ये कायदा आला. आता अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि परतफेड मुद्दलाच्या चौपटीपलीकडे जाऊ शकत नाही.

मतदार पुस्तिकेत 'टॅक्स रेट स्टेटमेंट' असतं. त्यात व्याजासकट एकूण परतफेडीचा अंदाज लिहावाच लागतो. आधी तो आकडा वाचा, मग कामांची यादी. यादी नुसतीच 'सर्व शाळांत सुधारणा' अशी मोघम असेल तर मी स्वतः दोनदा विचार करेन. शाळेचं नाव, खोल्यांची संख्या, कोणतं काम आधी, असं असेल तर पुढे जाब विचारता येतो.

आमची मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली. आम्ही कशाला भरायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या काका-काकूंना मी एवढंच विचारते: तुमची मुलं ज्या वर्गात बसली, तो कुणी बांधला? तुम्ही इथे आलात तेव्हा ती शाळा उभीच होती. कुणीतरी, ज्याला तुमचं नाव उच्चारताही आलं नसतं, त्याने तुमच्या मुलांसाठी आधीच भरून ठेवलं होतं.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असायचा. घरोघरी दळणाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळं काढायचं. ज्या घरात शिकणारं मूल नाही, त्या घरातूनही मूठ यायची. आपण त्या मातीतले आहोत.

निवृत्तांच्या पैशाची चिंता मात्र खरी आहे, कारण बॉण्डच्या करात ज्येष्ठांना सूट नसते. पार्सल टॅक्समध्ये पुष्कळदा असते. पार्सल टॅक्स ही वेगळी गोष्ट, प्रत्येक घराला ठरावीक रक्कम, तिच्यातून पगारही देता येतात, आणि डिस्ट्रिक्टने मांडली तर तिला अजून दोन तृतीयांश मतं लागतात. मतपत्रिकेवर दोन्ही एकदम असतील तर गफलत करू नका.

शाळेने पाठवलेल्या पत्रकात 'हो म्हणा' असं का लिहिलेलं नसतं?

लिहिताच येत नाही. सरकारी पैशाने प्रचार करता येत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवलंय. डिस्ट्रिक्ट फक्त माहिती देऊ शकतं. प्रचार पालकांनी आणि शिक्षकांनी, आपल्या वेळात, आपल्या खर्चाने करायचा. म्हणूनच आम्ही शनिवारी तुमच्या दारात उभे असतो.

मत कसं द्यायचं?

नोंदणीकृत असाल तर मतपत्रिका आपोआप येते. उलटून तळापर्यंत भरा, पाकिटावर सही करा, टपालात टाका. तिकीट लागत नाही. आई-बाबा नागरिक झाले असतील तर त्यांच्यासोबत बसा. मतपत्रिका मराठीत येत नाही आणि प्रश्नाची भाषा वकिली असते. समजावून सांगा, पण मत त्यांचं त्यांना देऊ द्या.

बॉण्ड मंजूर झाला. आता माझ्या मुलाला नवा वर्ग कधी?

कदाचित कधीच नाही. रोखे टप्प्याटप्प्याने विकतात, आराखडा होतो, राज्याची मंजुरी होते, निविदा निघतात, मग खोदकाम. तिसरीतलं मूल तोवर मिडल स्कूलला जातं. माझी गेली. तिच्या जुन्या पोर्टेबलच्या जागी आता पक्की इमारत आहे आणि तिच्यात शिकणारी मुलं मला ओळखत नाहीत.

मंजुरीनंतरचं काम मात्र लगेच सुरू होतं. देखरेख समितीत किमान सात जण लागतात: एक पालक, पालक-शिक्षक संघात काम करणारा एक पालक, एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, आणि बाकी गावातले कुणीही. डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा कंत्राटदार चालत नाही. काही जागा महिनोन्महिने रिकाम्या राहतात. आपल्यात हिशेब तपासणारी, बांधकाम कळणारी, निवृत्त झालेली कितीतरी माणसं आहेत. अर्ज डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात मिळतो, आणि सभा सगळ्यांना खुल्या असतात.